घरात दगड बसवायचाय? आधी एक लिंबू हाताशी ठेवा

आमच्या सोलापूरच्या घरी स्वयंपाकाचा ओटा कडप्प्याचा होता. आई डाव्या कोपऱ्यात बसवलेल्या विळीवर लिंबं चिरायची, तिथेच चिंच कोळायची. वीसेक वर्षांत त्या कोपऱ्याचा काळा रंग उडाला आणि वीतभर राखाडी, हाताला खरखरीत लागणारा पट्टा उमटला. बाकीचा ओटा मात्र तेलपाण्याच्या हाताने काळाभोर, तुकतुकीत. घासून घासून झिजला असेल, असंच आम्ही समजत होतो. पुण्यात स्वतःचं घर बांधायला काढलं आणि दगडाच्या बाजारात फिरायला लागले, तेव्हा कळलं की तो कोपरा झिजला नव्हता, आंबटाने खाल्ला होता.

दगड निवडताना बहुतेक जण आधी रंग बघतात, मग भाव विचारतात. दोन्ही नंतर. आधी हे ठरवा की तो दगड घरात कुठे बसणार आहे आणि तिथे त्याच्यावर रोज काय सांडणार आहे. पाणी, तेल, हळद, लिंबू, ऊन की नुसती पावलं? हे ठरलं की अर्धे दगड आपोआप गळून पडतात. पहिल्यांदाच घर बांधणाऱ्या किंवा जुनं घर दुरुस्त करणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल अशा क्रमाने पुढे लिहिते आहे.

पहिली पायरी: दगडाचं कूळ ओळखा

बाजारात नावं शंभर असतात, पण घराच्या कामापुरती दोन मोठी कुळं ओळखता आली तरी पुरे.

पहिलं कूळ चुन्याचं. शहाबादी, कडप्पा, कोटा, जैसलमेरचा पिवळा दगड हे सगळे चुनखडक. संगमरवर म्हणजे त्याच चुनखडकाला जमिनीखाली उष्णता आणि दाब मिळून तयार झालेलं रूप. या सगळ्यांत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की तो विरघळतो, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

दुसरं कूळ आगीचं, म्हणजे तप्त रसातून थिजलेल्या दगडांचं. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थिजला, म्हणून त्याचे दाणे डोळ्यांना दिसतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भूपृष्ठावर पसरून झटपट थिजला, म्हणून तो बारीक पोताचा. लिंबू, चिंच, टोमॅटो यांचं या कुळाला काही वाटत नाही.

आता परीक्षा. दुकानदाराकडून हाताएवढा तुकडा मागून घ्या, ते देतात. घरी आणून त्याच्या पॉलिश केलेल्या बाजूवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका, दहा मिनिटांनी पुसा आणि तुकडा खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघा. थेंब होता तिथे चकाकी जाऊन गोल मळकट ठिपका दिसला, तर दगड चुन्याच्या कुळातला. कधीकधी थेंबाच्या कडेला बारीक बुडबुडेही दिसतात. ग्रॅनाइटवर काहीही होत नाही. मग स्टीलच्या सुरीचं टोक कोपऱ्यात दाबून ओढा. संगमरवराला आणि कडप्प्याला ओरखडा उठतो. ग्रॅनाइटवर उलट सुरीच्याच धातूची करडी रेघ राहते आणि बोटाने पुसली की जाते. खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० या मोजपट्टीवर संगमरवरातलं कॅल्साइट ३ वर आहे, सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास, आणि ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्‌झ ७ वर. सगळा खेळ या तीन आकड्यांचा आहे.

तिसरी परीक्षा पाण्याची. तुकड्यावर पाण्याचा थेंब ठेवा. दोन-चार मिनिटांत खालचा दगड गडद झाला, तर तो पाणी पितो, म्हणजे तेल आणि हळदही पिणार. थेंब तसाच मोत्यासारखा बसून राहिला तर चांगलं.

तेव्हापासून दगड बघायला जाताना माझ्या पिशवीत एक लिंबू असतंच. काही दुकानदार हसतात, काही चिडतात. जे स्वतःहून कापडाचा तुकडा आणून देतात, त्यांच्याकडून मी माल घेतला.

दुसरी पायरी: घरात फिरून जागा ठरवा

सुरुवात स्वयंपाकघरापासून करा, कारण दगडाचे सगळ्यात जास्त हाल तिथे होतात. ओट्याला ग्रॅनाइटच घ्या, हे माझं स्पष्ट मत. गरम कढई उतरवली, लिंबू पिळलं, खलबत्ता ठेवला, तरी तो निभावतो. कर्नाटकातल्या इलकलचा लाल, आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा काळा, तेलंगणात करीमनगरकडचा तपकिरी, राजस्थानात जालोरचा, असे प्रकार आपल्याकडच्या बाजारात नेहमी दिसतात. काळा एकसारखा दगड दिसायला सुंदर, पण कोरड्या पाण्याचे पांढरे डाग आणि पिठाचा कण न् कण त्यावर दिसतो. बोअरचं जड पाणी असेल तर बारीक दाण्यांचा, मिश्र रंगाचा दगड घ्या. फिकट पांढरा ग्रॅनाइट तेल पितो. तो घ्यायचाच असेल तर पाण्याच्या थेंबाची परीक्षा झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग कडप्पा टाकाऊ का? मुळीच नाही. ओट्याच्या उभ्या भिंती आणि वरच्या ग्रॅनाइटखालची फळी यांना आजही बहुतेक मिस्त्री कडप्पाच वापरतात. भांड्यांचे कप्पे, कोठीतल्या मांडण्या, धुण्याचा ओटा यांना त्याच्याइतका स्वस्त आणि ओल सोसणारा पर्याय मला तरी सापडलेला नाही. प्लायवूडच्या कप्प्याला वाळवी लागते, कडप्प्याला ती लागणं शक्यच नाही.

घरभरच्या फरशीचा प्रश्न आला की लोक एकदम संगमरवर नाहीतर टाइल्स म्हणतात. मधले दोन दगड विसरू नका. शहाबादी हा कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच हे गाव आहे, त्यामुळे आमच्याकडे वाडे, शाळा, देवळं, फलाट, सगळीकडे हीच राखाडी लादी. उन्हाळ्यात दुपारी त्यावर नुसती सतरंजी टाकून पडावं. कोटा हा राजस्थानातल्या कोटा जिल्ह्यातला, रामगंजमंडी भागातल्या खाणींचा. हिरवट-निळसर आणि तपकिरी, दोन्ही रंगांत मिळतो. बसवल्यावर जागेवरच मशीन फिरवून पॉलिश केला की पाण्यासारखा चमकतो. लहान मुलं, म्हातारी माणसं, रोजची ये-जा असलेल्या घरात कोटा वर्षानुवर्षं टिकतो, आणि चमक गेली की पुन्हा पॉलिश करता येतो. टाइलला ही सोय नाही. जेवणघरात मात्र ताक, सोलकढी, लिंबूपाणी सांडलं की लगेच पुसायची सवय हवी.

संगमरवराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त पश्चात्ताप याच दगडावर होतो. मकराण्याचा पांढरा दगड घट्ट, बारीक दाण्याचा. ताजमहाल आणि कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्याचंच. पण ‘मकराणा’ म्हणून विकलं जाणारं सगळं मकराण्याचं असतंच असं नाही. राजसमंदकडचा आणि गुजरातेतल्या अंबाजीचा पांढराही चांगला असतो, फक्त त्याला त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने घ्यावं. परदेशी, म्हणजे बोलीत ‘इटालियन’, संगमरवर दिसायला फार देखणा, पण पुष्कळदा तो बारीक भेगांचा असतो. त्या भेगा रेझिनने, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने, भरलेल्या असतात आणि मागे जाळी चिकटवलेली असते. हा दोष नव्हे, त्या दगडाची पद्धतच तशी आहे. पण बसवणारा माणूस त्याच कामातला हवा. माझ्या मते संगमरवर देवघरात, दिवाणखान्यात, निजायच्या खोलीत शोभतो. ओट्यावर आणि न्हाणीघरात नको. ‘हिरवा मार्बल’ म्हणून मिळणारा उदयपूरकडचा दगड तर संगमरवर नव्हेच, तो सर्पेंटाइन नावाचा वेगळाच दगड. साध्या ओल्या सिमेंटवर घातला तर पाणी पिऊन त्याच्या लाद्या वाकू शकतात, म्हणून तो इपॉक्सी या रासायनिक गोंदानेच चिकटवतात. हे आधी कुणी सांगत नाही.

न्हाणीघरात घसरण हा एकच मुद्दा. चकचकीत दगड तिथे नकोच. ग्रॅनाइटला आगीच्या झोताने खरबरीत करून घेता येतं, त्याला ‘फ्लेम’ म्हणतात. जरा मऊ स्पर्श हवा तर ‘लेदर’ फिनिश. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, म्हणून मी पुढे-मागे न बघता लेदर घेतलं. जिन्याच्या पायऱ्यांना ग्रॅनाइट चांगला, पण पुढच्या कडेला दोन-तीन खाचा मारून घ्यायलाच हव्यात. खिडकीच्या आणि न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीलाही ग्रॅनाइटच्या पट्ट्या लावा. लाकूड ओलीने फुगतं आणि कुजतं, दगडाला ती भीती नाही.

घराबाहेर आपला दगड वापरा. घाटावर काळा पाषाण आणि कोकणात जांभा, यापलीकडे मला बोलावंसंच वाटत नाही. जोत्याला घडीव काळा दगड, कुंपणाच्या भिंतीला खांडकी, म्हणजे ढोबळ घडवलेले लहान दगड, आणि भरावाला डबर, म्हणजे न घडवलेले दगड. वेरूळचं कैलास लेणं याच बेसॉल्टात वरून खाली कोरत नेलेलं आहे, तेव्हा आपल्या अंगणाच्या चार पावसाळ्यांची त्याला काय मातब्बरी. फक्त काळा दगड उन्हात तापतो. अनवाणी चालायच्या जागी, तुळशीपुढे, फिकट दगड घाला. कोट्याचं पॉलिश ऊन-पावसात पांढुरकं पडतं, म्हणून अंगणात कोटा घालायचा तर बिनपॉलिशचाच.

जांभ्याची गंमत वेगळी. रत्नागिरी-सिंधुदुर्ग-गोव्यात खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, सहज कापता येतो. हवा लागली की कठीण होत जातो. इंग्रजीतलं त्याचं नाव लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून आलंय, ते अगदी योग्य आहे. चिरे निवडताना पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या नसा असलेले बाजूला काढा, कारण पावसात ती माती धुपते आणि भोकं पडतात. जांभा सच्छिद्र आहे. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला छपराची पागोळी पुढे काढा किंवा तेवढ्या भिंतीला गिलावा करा. पुण्या-मुंबईत हौसेने जांभ्याचे पातळ तुकडे भिंतीला चिकटवतात, तिथेही हीच काळजी घ्यावी लागते.

तिसरी पायरी: खरेदी

जाडी स्वतः मोजा. ओट्याला १८ ते २० मिलीमीटर हवी. ‘पाऊण इंच’ म्हणून सांगितलेला दगड पट्टीवर १५-१६ भरलेला मी पाहिला आहे. एकाच लादीची जाडी चारही कोपऱ्यांना मोजा. वजनाचा हिशेबही लक्षात ठेवा. २० मिलीमीटर जाडीचा एक चौरस फूट ग्रॅनाइट साधारण ५ किलोचा भरतो. म्हणजे ८ फूट लांब, २ फूट रुंद ओट्याचा दगड ८० किलो. तो तिसऱ्या मजल्यावर जिन्याने न्यायचा असेल तर हमाली वेगळी ठरते, आणि ती आधीच ठरवलेली बरी.

लादी उभी करून बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत आवाज आला तर एकसंध, बद्द आला तर आत भेग. पाणी शिंपडून वाळू द्या. भेग असेल तिथली ओली रेघ सगळ्यात शेवटी वाळते. काळ्या ग्रॅनाइटच्या बाबतीत पांढऱ्या कापडावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन घासून बघा. कापड काळं झालं तर दगड रंगवलेला. मी हे न करता माल उचलला आणि पहिल्या वर्षातच गॅसच्या बाजूचा ओटा करडा पडला. दुकानदाराने ‘तुम्हीच काहीतरी लावलं असेल’ म्हणून हात वर केले. तो दगड आता गच्चीवर कुंड्यांखाली आहे, आणि पिशवीतल्या लिंबाला कापडाची जोड मिळाली आहे.

लागेल त्यापेक्षा ५ ते १० टक्के दगड जास्त घ्या, कारण कापताना तुकडे जातात. सगळा एकाच लॉटमधला घ्या. खाणीचा थर बदलला की रंग बदलतो, आणि सहा महिन्यांनी ‘तसाच’ दगड मिळत नाही. भावाची तुलना करताना निव्वळ चौरस फुटाचा भाव बघू नका. दगड, कर, गाडीभाडं, चढवणं-उतरवणं, बसवणूक, कड घडवणं, पॉलिश, हे सगळं धरून बसवलेल्या दगडाचा भाव काढा. कोटा दुकानात स्वस्त दिसतो, पण त्याची पॉलिशची मजुरी धरली नाही तर तुमचा हिशेब चुकणारच.

चौथी पायरी: बसवताना तिथे थांबा

मिस्त्री चांगला असला तरी या दिवसांत घरातलं कुणीतरी जागेवर हवं. सिंकसाठी भोक पाडताना कोपरे काटकोनात कापू देऊ नका, गोलाई ठेवायला सांगा. तणाव टोकदार कोपऱ्यात साठतो आणि भेग तिथूनच जाते. सिंकच्या पुढे-मागे जी अरुंद पट्टी उरते ती सगळ्यात नाजूक. तिच्याखाली आधार आहे ना, ते हात घालून बघा. ओट्याची उंची पुस्तकातून घेऊ नका. जी व्यक्ती रोज उभी राहणार, तिला उभं करून, कोपरात हात वाकवून, त्याच्या चार बोटं खाली माप घ्या.

पांढऱ्या संगमरवराखाली पांढरंच सिमेंट वापरा. करड्या सिमेंटची झाक वर येते. न्हाणीघरात आणि गॅलरीत ढाळ बरोबर आहे का हे बादलीभर पाणी ओतून बघा, तेही सांधे भरण्याआधी. बसवलेल्या प्रत्येक लादीवर नाणं ठोकत फिरा. पोकळ वाजली तर खाली माल कमी पडलाय, ती उचलून पुन्हा बसवायला सांगा. आठ दिवसांनी सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

पॉलिशच्या वेळी निघणारा गाळ मोरीत जाऊ देऊ नका. तो नळात जाऊन दगडासारखा घट्ट होतो. जाळीवर गोणपाट टाका आणि गाळ बादलीत भरून बाहेर काढा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. ग्रॅनाइट कोरडा कापला की जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कापण्याचं काम पात्यावर पाण्याची धार चालू ठेवून, शक्यतो उघड्यावर करायला लावा. कामगारांना चांगले मास्क तुम्ही आणून द्या, रुमालाने भागत नाही. आमच्याकडचा कापणारा मुलगा विशीतला होता. पाण्याची नळी लावायला दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

पाचवी पायरी: पुढची निगा

काम संपल्यावर मजूर सिमेंटचे डाग काढायला ॲसिडची बाटली आणतात. कोटा, शहाबादी, कडप्पा, संगमरवर असेल तर ती बाटली दारातूनच परत पाठवा. संडास साफ करायचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबाचा साबण, यांतलं काहीही या दगडांवर नको. कोमट पाणी आणि भांड्याच्या सौम्य साबणाचे चार थेंब पुरतात. जड पाण्याचे पांढरे थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा.

तेलाचा डाग पडला तर खडूची पूड आणि पाणी यांचा घट्ट लेप करून त्यावर थापा, वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवा, सकाळी वाळू द्या आणि झटकून टाका. पूड तेल ओढून घेते. दोन-तीनदा करावं लागतं. देवघरात संगमरवरावर हळद सांडली तर घाबरू नका. साबण मात्र लावू नका, हळद लाल होते. पुसून घ्या आणि ऊन येऊ द्या, हळदीचा रंग उन्हाने उडतो. कुंकवाचं तसं नाही, म्हणून आम्ही देवापुढे छोटं पितळी ताट ठेवलं आहे.

पाण्याचा थेंब पूर्वीसारखा न राहता मुरायला लागला, तर दगडाला सीलर, म्हणजे त्याची बारीक छिद्रं बंद करणारा द्रव, लावायची वेळ झाली असं समजा. किती महिन्यांनी लावायचं ते दगडालाच विचारा.

राहता राहिला पाटा-वरवंटा. नव्या घरात तो हवा असेल तर काळ्या पाषाणाचाच घ्या. पांढरे ठिपके आणि भोकं कमीत कमी असलेला बघून घ्या, आणि ओलं बोट घासून बघा. बोटाला वाळू लागली तर दगड मऊ, तो चटणीत उतरणार. नवीन पाट्यावर आधी मूठभर भिजवलेले तांदूळ वाटून फेकून द्या. वाटण करडं येतंय तोवर रोज हे करा. पांढरं आलं की मग चटणी. पुढे गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यावी लागते. सोलापुरात टाकी लावणाऱ्या बाया दारावर यायच्या, उंबऱ्याशी बसून छिन्नीने टक्‌टक् करत रांगेने बारीक खड्डे पाडायच्या. पुण्यात आमच्याकडे अजून कुणी आलेलं नाही. आईचा पाटा इथे आणलाय, आणि मंडईजवळ दगडी जाती विकायला बसणाऱ्या एका मावशींनी पुढच्या आठवड्यात येते म्हणून सांगितलंय.